उलटे आटे

अण्णा, मी मोटरसायकल घेतली आहे. नवी नाही, जुनी. तुमच्या गॅरेजात जिला सगळे ‘हलकी’ म्हणायचे तीच जात. टू-स्ट्रोक, अंगानं सडपातळ, एका माणसानं मागचं चाक उचलून तोंड फिरवावं अशी. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, कुणासाठी. आमच्या ह्यांनीही तोच विचारला. माझ्यासाठी, म्हटलं. त्यावर ते हसले आणि तुमचं वाक्य म्हणाले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, पण ते वाक्य आमच्या घरात अजून ठणठणीत आहे. ‘जावईबापू, हिला डावं-उजवं कळत न्हाय, रस्ता वलांडताना हात धरा.’ माझ्या लग्नाच्या मांडवात, पंगत उठल्यावर, तुम्ही नव्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवून हे सांगितलंत. सगळे हसले. मीही हसले, नवरीनं तोंड पाडून कसं चालेल. तेव्हापासून ह्यांना माझ्याबद्दल आणखी काही माहीत करून घ्यायची गरज पडली नाही. पत्ता चुकला, पिशवी विसरली, भाजीत मीठ जास्त पडलं, कशालाही तेच एक वाक्य पुरतं.

गाडी सापडली माकणीला. नणंदेकडे डोहाळजेवणाला गेले होते. बायकांची गाणी सुरू झाली तशी मी मागच्या अंगणात आले, तर शेजाऱ्याच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखालून एक हँडल बाहेर आलेलं. मी तिथंच उभी राहिले. नवी साडी, हातात ओटीचं ताट, आणि गोठ्यात वाकून बघणारी साठीची बाई. म्हातारे मालक बाहेर आले. ‘काय बघलालाव ताई?’ मी विचारलं, गाडी चालू आहे का. ‘चालू? आमचं पोरगं साळंत हुतं तवा चालू हुती. आता त्येचं पोरगं कालेजात हाय.’ विकणार का म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ‘भंगारवाला बी न्हेत न्हाय हिला. तुमी काय करताव?’ मी विचारलं, कागद आहेत का. त्यांनी आरसी बुक शोधून आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं, आणि उंदरांनी नेमका चेसिस नंबरचा कोपरा खाल्ला होता. दुसऱ्या आठवड्यात गाडी टेम्पोतून धाराशिवला आली. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या, आणि हे पेपरमागे तोंड लपवून बसले होते.

आधी ती कोण आहे ते ठरवायचं होतं. तुम्ही नुसता आवाज ऐकून सांगायचात. माझ्याकडे आवाजच नव्हता. टाकी एका मॉडेलची, हेडलाइट दुसऱ्याचा, सायलेन्सर कुणी वेल्डिंग करून तिसराच बसवलेला. इतक्या वर्षांत ज्याला जे मिळालं ते त्यानं लावलं होतं. पण चेसिसचा नंबर बदलत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बत्तीस वर्षं मी परिवहन कार्यालयात कारकून होते. गाडीच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि तो छाप फाइलला चिकटवतात, तसले हजारो छाप माझ्या टेबलावरून गेले. अर्धवट उठलेला आठ आणि खोडसाळपणे खोडलेला तीन मला लांबून ओळखू यायचा. स्वतःच्या हातानं मात्र एकही छाप घेतलेला नव्हता. गाडीपाशी जाणं माझ्या कामात नव्हतं, आणि तसं काम मी कधी मागितलंही नाही. ह्या वेळी रॉकेलचा बोळा घेऊन हँडलखालचा गंज घासत बसले. एका जागी तीन थर रंग होता. दोन दिवसांनी आकडे वर आले. कागद लावला, पेन्सिल फिरवली, आणि एकेक आकडा उमटताना तुमची फार आठवण आली. ती चांगली आठवण होती. तेवढी एकच ह्या पत्रात आहे असं नाही, पण फार नाहीत.

परंड्याचं गॅरेज मला अजून दिसतं. स्टँडच्या रस्त्याला कडुनिंबाखाली दोन पत्रे, समोर तेलानं काळी पडलेली जमीन, कुर्डुवाडीची एसटी वळली की धुळीचा लोट थेट आत. मी शाळा सुटल्यावर दप्तरासकट तिथंच येते. कार्बोरेटरचा जेट साफ करायला माझी बोटं बारीक, म्हणून ते काम माझं. वायरीतली एक तार काढायची, भोकातून अलगद ओवायची, मग उजेडाकडे धरून बघायचं. कुणाची गाडी रस्त्यानं गेली की तुम्ही मला विचारता, ‘काय दुखतंय तिला?’ मी सांगते, पॉइंट. किंवा सांगते, साखळी ढिली. बरोबर निघालं की गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, ‘कान बघा पोरीचं!’ नववी पास झाले तेव्हा आईनं परकराचं कापड आणलं आणि तुम्ही दहा-अकरा मापाचा पाना दिलात. ‘ह्यो तुजा. कुणी मागितला तर द्यायचा न्हाय, मला बी न्हाय.’ मी तो उशाखाली घेऊन झोपले. तुम्ही वाईट बाप होता असं मी म्हणणार नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मग तो दिवस. दहावीचा निकाल लागला आहे. आमचे गुरुजी त्यांची हलकी घेऊन आले आहेत, गाडी लई धूर मारते आहे, गिअरचं ऑइल आपोआप कमी होतं आहे. तुम्ही न उघडता सांगता की क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं, ऑइल सील गेलं. गुरुजींच्या खिशात आणखी एक गोष्ट आहे, आयटीआयचा फॉर्म. मोटर मेकॅनिकचा. ते म्हणतात, ‘मी चौकशी करून आलोय. मुलींनाही घेतात. हिला पाठवा. तुमच्याकडं जे हाय त्याला सरकारचा शिक्का लागू द्या.’ तुम्ही हसता, आणि मला दिसतं की तुम्हाला आवडलं आहे. क्लचचं कव्हर निघालेलं असतं. सीलपर्यंत जायचं तर क्रँकवरचा मोठा नट खोलावा लागतो. आजवर तो तुम्हीच खोलायचात. आज पाना माझ्या हातात देता आणि गुरुजींना म्हणता, ‘बघा आता.’

आटे म्हणजे नटाच्या आत कोरलेले वेढे. साधा नट डावीकडे फिरवला की सुटतो. काही जागी उलटे आटे असतात, तिथं उजवीकडे फिरवावं लागतं. एवढंच ते शास्त्र. तुम्ही म्हणालात, ‘उजवीकडं. उलटे आटे हायती.’ मी उजवीकडे जोर लावला. हलेना. तुम्ही पान्याला पाइप लावून दिलात. ‘लाव जोर, भिऊ नको.’ मी सगळं अंग टाकलं. कट्ट असा आवाज झाला आणि नट एकदम सैल झाला. मला वाटलं सुटला. मी हसून वर बघितलं. तुम्ही हसत नव्हता. नट हातात घेतलात, त्यात आट्यांचा चुरा होता. क्रँकचं टोक कामातून गेलं होतं. आता अख्खं इंजिन उघडायचं, क्रँक एसटीत घालून कुर्डुवाडीला लेथवर पाठवायचा. गुरुजी बघत होते. आणि तुम्ही म्हणालात, ‘म्या डावीकडं म्हणलं हुतं.’ मग गुरुजींकडे वळून, ‘कान हाय पोरीला, पर डावं-उजवं कळना झालंय. हात बी जड हाय.’ मी म्हटलं, अण्णा, तुम्ही उजवीकडं म्हणालात. तुम्ही म्हणालात, ‘तोंड वर करून बोलू नको.’ गुरुजी म्हणाले, ‘राहू द्या, लेकरू हाय,’ आणि फॉर्म घडी करून परत खिशात घातला. त्यांनी रागानं नाही घातला. ज्या गोष्टीचं आता काम राहिलं नाही ती माणूस खिशात घालतो, तसा घातला. दहा-अकराचा पाना त्याच संध्याकाळी तुमच्या फळीवर गेला.

तुम्हाला वाटत असेल की मी चाळीस वर्षं तुमच्यावर चिडून होते. नाही. चिडायला खात्री लागते. पहिले दोन दिवस होती. मग मीच डोकं खाजवायला लागले की तुम्ही नक्की काय म्हणाला होता. गॅरेजात तुमचं कधी चुकलेलं मी बघितलं नव्हतं, आणि माझं दिवसातून चारदा चुकायचं. मग मलाच आठवायला लागलं की तुम्ही ‘डावीकडं’ म्हणालात. अगदी तुमच्या आवाजात आठवायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही इंजिन उघडून घरी आलात, हातपाय धुतलेत, आणि आईला म्हणालात, ‘हिला शेंगाच्या पोळ्या कर.’ सण नाही, वार नाही. आई चकित झाली, पण तिनं दाणे भाजले, गूळ किसला. तुम्ही माझ्या ताटात स्वतः तूप वाढलंत. माझ्याकडे बघत मात्र नव्हता. मला रडू आलं. मला वाटलं, माझ्या हातून एवढं नुकसान होऊनही अण्णांनी मला माफ केलं. मी उठून तुमच्या पाया पडले. तुम्ही पाय मागे घेतलेत आणि ‘जेव’ म्हणालात. तो पाय मागे घेतलेला मला तेव्हा मोठेपणा वाटला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कॉमर्स, टायपिंग, नोकरी. तुम्ही सगळ्यांना सांगायचात की पोरीनं सरकारी खुर्ची मिळवली. मिळवली खरी. पण अण्णा, ऑफिसात अंगठा द्यायला कुणी आलं की ‘डावा’ म्हणायच्या आधी मी टेबलाखाली स्वतःचे हात बघायचे. रिक्षावाल्याला मी कधी ‘डावीकडे घ्या’ म्हटलं नाही, ‘त्या दुकानाकडे घ्या’ म्हणते. बरोबरीच्या बायका स्कूटर शिकल्या, मी नाही म्हटलं. लेक लहान असताना तिचे बूट डाव्या-उजव्या पायात घालताना मला घाम फुटायचा आणि हे दारात उभे राहून हसायचे. वेड्यासारखं वाटेल तुम्हाला. मलाही वाटतं. पण ज्या माणसावर सगळ्यात जास्त विश्वास त्यानं एकदा चारचौघांत सांगितलं की तुला हे कळत नाही, तर ते खरंच कळेनासं होतं.

गाडी चालू झाली, हे सांगायचं राहिलं. पिस्टन जाम होता, प्लगच्या भोकातून डिझेल सोडून चार दिवस तसाच ठेवला, मग किक थोडी हलली. टाकीत बारीक खडी घालून हलवली, लाल चिखल निघाला. जेट मीच साफ केला. चष्मा लावून, पण केला. सतराव्या की अठराव्या किकला ती बोलली, आणि गल्ली धुरानं भरली. शेजारीण नाकाला पदर लावून म्हणाली, ‘काकू, डास मारायची गाडी आणली का?’ धूर थांबेना. दोन दिवसांनी बघते तर गिअरचं ऑइल खाली गेलेलं. मला उघडून बघायची गरज नव्हती. क्रँकचं ऑइल सील.

तेव्हा तुमची पेटी काढली. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि पलंगाखाली तशीच होती. तिच्यात तुमचं पार्टबुक आहे, इंजिनाची चित्रं असलेलं, इंग्रजी. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, तुम्ही चित्रावरून काम करायचात, आणि चित्र वाचताना तुमचं कधी चुकत नसे. मी मात्र आयुष्यभर तळटीपा वाचल्या आहेत. क्लचच्या पानाखाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: अमुक चेसिस नंबरापर्यंत ह्या नटाला उलटे आटे, त्यापुढच्या गाड्यांना सरळ. पेन्सिलीचा छाप आणून शेजारी धरला. माझी गाडी त्यापुढची आहे. गुरुजींचीही त्यापुढचीच असणार. तोवर तुमच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या जुन्या होत्या. इथपर्यंत मी म्हणाले, चूक झाली, होते, इंग्रजी येत नव्हतं. दहावी झालेली पोरगी शेजारी उभी होती, तिला विचारता आलं असतं, पण असो. मग चित्राच्या कडेला तुमचं अक्षर दिसलं. कॉपिंग पेन्सिल, जांभळं पडलेलं. ‘गुर्जीच्या गाडीला आटे सरळ निघाले. आपण उलटे धरून चाललो. ध्यानात ठेवणे.’

आपण उलटे धरून चाललो. म्हणजे त्या क्षणापर्यंत तुमच्या डोक्यात उलटेच होते. मग तुम्ही डावीकडं कसं म्हणाल? उजवीकडंच म्हणालात. मी बरोबर ऐकलं होतं. मला डावं-उजवं कळत होतं, अण्णा. सोळाव्या वर्षी कळत होतं. नट हातात घेतल्याघेतल्या तुम्हाला सगळं समजलं आणि तितक्याच वेळात तुम्ही ते माझ्या अंगावर टाकलंत. तेही मी समजू शकते, गिऱ्हाईक समोर होतं, चारचौघांत माणूस घाबरतो. पण तुम्ही ते लिहून ठेवलंत. पुढच्या गाडीचं नुकसान होऊ नये म्हणून पुस्तकात टिपून ठेवलंत, आणि मला शेंगाची पोळी दिलीत. गुरुजींच्या घरी जाऊन फॉर्म परत आणायला दहा मिनिटं लागली असती. तुम्ही गेला नाहीत, तर नाही. पण त्यानंतर आठ वर्षांनी, भर मांडवात, खरं काय ते माहीत असताना, ते वाक्य जावयाला आंदण द्यायची काय गरज होती? इतक्या वेळा सांगून तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं का? मला हे विचारायचं आहे आणि विचारायला कुणी नाही. तुमच्या पाया पडले होते मी. त्याची सगळ्यात जास्त चीड येते.

ह्यांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुस्तक मिटलं, आणि म्हणाले, ‘जाऊ दे आता, मेलेल्या माणसाचं काय धरून बसायचं.’ त्या दिवसापासून ते वाक्य त्यांनी म्हटलेलं नाही. एवढा एक फायदा झाला.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. सगळं हातात होतं, नंबर, पुस्तक, तळटीप, तुमचं अक्षर. कव्हर मी काढलं, वॉशरची वाकवलेली जीभ सरळ केली, नटाला पाना लावला. बरोबर बसला. डावीकडे फिरवायचा होता. दांडीवर हात ठेवून मी उभी राहिले, आणि उभीच राहिले. ह्यांनी आतून विचारलं, ‘झालं का?’ मी पाना काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी स्टँडमागच्या गॅरेजातून एक मिस्त्री बोलावून आणला, पन्नाशीचा, भला माणूस. त्यानं पाना लावला आणि माझ्याकडे बघितलं. ‘ताई, ह्या जुन्या गाड्यांत दोन परकार असत्यात. कुणीकडं फिरवू?’ पुस्तक माझ्या हातात होतं, बोट तळटीपेवर होतं. एक शब्द सांगायचा होता. ‘तुम्हीच बघा,’ म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. ओट्याशी उभी राहून ऐकत होते. नट एका हिसक्यात सुटला. लेकीला फोनवर मात्र सांगितलं आहे की तो मीच खोलला.